उसना पान्हा

दीपगृहाचा म्हातारा रखवालदार दिव्याची काच पुसत होता आणि शाल्मलीच्या छातीत मुंग्या आल्या.

पडद्यावर तेवढंच चाललं होतं. जुनं फडकं, काचेवर साचलेलं खारं धुकं, म्हाताऱ्याचा सावकाश फिरणारा हात. संगीतसुद्धा नव्हतं. तरी काखेपासून आत कोणीतरी बारीक दोरी ओढावी तसं झालं आणि पाठोपाठ ऊब पसरली. कुहू झाल्यापासून ही दोरी शाल्मलीच्या चांगलीच ओळखीची झाली होती. तिने झटकन पाळण्याकडे पाहिलं. लेक झोपली होती. तरीही ती उठली, कुहूच्या नाकाखाली बोट धरलं, श्वास बोटाला लागला तेव्हा कुठे परत येऊन बसली. मग तिने कुर्त्यावरून हात फिरवला. ठणठणीत कोरडा.

तिने सिनेमा मागे नेला. म्हातारा, फडकं, काच. मुंग्या. कुर्ता कोरडा. पुन्हा मागे नेला. पुन्हा तेच, आणि अगदी त्याच क्षणी, फडकं काचेच्या कडेला पोचलं की.

कानामागची पट्टी काढून तिने तोच प्रसंग पाहिला. काही नाही. एक म्हातारा काच पुसत होता, बस्स.

म्हणजे हे तिचं नव्हतं. पट्टीतून येत होतं. आणि पट्टीत होता निनादचा ठसा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, लग्न ठरण्याआधी त्याने पाठवलेला.

पुरुषाला कधी पान्हा फुटतो?

पट्टी एव्हाना घरोघरी झाली होती, चष्म्यासारखी. बोटाच्या पेराएवढी, कानामागे चिकटवायची. मेंदूतून एक लांब नस मानेवाटे खाली उतरते आणि हृदय, फुप्फुसं, पोट यांच्याशी निरोपांची ने-आण करते. सिनेमा बघताना आपली धडधड कुठे वाढली, श्वास कुठे अडकला, पोटात खड्डा कुठे पडला, हे पट्टी त्या नसेवरून टिपते आणि सिनेमाच्या क्षणाक्षणाला जोडून ठेवते. तो झाला ठसा. दुसऱ्या कोणी तो लावून तोच सिनेमा पाहिला की पट्टी उलटं काम करते. तेच निरोप हलक्या विजेने त्याच्या नसेत सोडते. विचार जात नाहीत, शब्द जात नाहीत. जातं फक्त शरीर. पण मन लबाड असतं. आत धडधड झाली की ते आपणहून कारण शोधतं आणि सापडेल त्या कारणावर विश्वास ठेवतं.

शाल्मलीला हे कोणी सांगायला नको होतं. ती नाशिकच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. सध्या बाळंतपणाची रजा चालू होती आणि ती पुढे पुढे सरकत होती.

सुरुवातीला लोक ठसे हौसेने वाटायचे. ‘हा सिनेमा बघच’ म्हणण्यापेक्षा ‘हा मी जसा पाहिला तसा बघ’ म्हणणं जास्त भारी होतं. मग आपल्याच पहिल्या वेळचा ठसा जपून ठेवायची टूम निघाली. तोच सिनेमा माणसं पुन्हापुन्हा का बघतात, याचं उत्तर पट्टीने विकायलाच काढलं. गोष्ट तर पाठ असते. माणूस परत जातो तो पहिल्यांदा पाहिला तेव्हाच्या स्वतःला भेटायला.

आणि मग ठसा लग्नाच्या बाजारात उतरला. पत्रिका आईबाप बघत, ठसा मुलं बघत. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी दोघांनी आपापल्या आवडत्या सिनेमाचा ठसा एकमेकांना पाठवायचा, अशी रीतच पडली. तोंडाने माणूस काय वाटेल ते सांगेल, शरीर कसं खोटं बोलेल?

शाल्मलीने तेव्हा पुष्कळ ठसे पाहिले होते. एकात भुकेशिवाय काही नव्हतं. एकात नायिका पडद्यावर आली की जे व्हायचं ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. मग निनादचा हा ठसा आला. सिनेमात दीपगृहाच्या जिन्यात सापडलेलं पोर रडतं तेव्हा आत ओढ लागली, ते समजण्यासारखं होतं. पण काच पुसताना? तिथे तर दिग्दर्शकानेसुद्धा काही मागितलं नव्हतं. ती बाल्कनीत जाऊन आईला म्हणाली होती, “एका म्हाताऱ्याने काच पुसताना बघून ज्याला आत काहीतरी होतं ना आई, तो माणूस माझ्या मुलांचा बाप व्हायला पाहिजे.” बंगळूरला संशोधनासाठी मिळालेली जागा तिने त्याच आठवड्यात सोडली. निनादचं काम नाशकात होतं, द्राक्षांच्या शीतगृहांची यंत्रणा सांभाळायचं.

तो बाप झालाही. कुहू रडली की तो पडद्यावरून मान न उचलता म्हणायचा, “शाल्मली, ती रडतेय.” दूध उतू चाललंय, हे शेजारीण जशी खिडकीतून सांगते तसं. वाईट नव्हता. शीतगृहाचा गजर मोबाइलवर वाजला तर जेवता जेवता उठून चप्पल घालायचा. द्राक्षांना अर्धा अंश जास्त लागला तर त्याला समजायचं. कुहूचं त्याला ऐकू यायचं, पण आत पोचायचं नाही.

शाल्मलीने आजवर स्वतःची समजूत घातली होती. आत खोल कुठेतरी आहे त्याच्या. मी पाहिलंय. मी माझ्या अंगाने अनुभवलंय.

ती पाळण्याशेजारी बसून आठवत राहिली. पाहण्याचा कार्यक्रम संगमनेरला, निनादच्या घरी होता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. ओवा-शेपांच्या धुरीचा वास. “आमची अश्लेषा बाळंतपणाला आलीय, वेद महिन्याचाय,” सासूबाई म्हणाल्या होत्या, “तिला बाहेर नाही बोलावलं, वारा लागतो.”

तिने नणंदेला फोन लावला.

“ताई, दीपगृहाचा तो सिनेमा तुम्ही पाहिलाय का हो?”

“कितीदा! माझा जीव आहे त्यात. का गं?”

“म्हातारा काच पुसत असतो, तेव्हा वेद रडला होता का?”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग अश्लेषाताई हसल्या, आणि ते हसणं लाजेचं नव्हतं.

“अगबाई! नुसता किरकिरला होता गं. आईने लगेच उचलला. तेवढ्यावरून कळतं?”

“तेव्हा नाही कळलं. आता मला मूल आहे.”

“हुशार हो! आम्ही कोणी एवढा विचारच नाही केला. मी आपली बाळंतिणीच्या खोलीत पडलेली, वेळ जाता जात नव्हता. आणि निनादचे ठसे दोन ठिकाणांहून परत आलेले. एक मुलगी तर म्हणाली, यात काहीच नाहीये, सरळ रेघ आहे. आईचं तोंड एवढंसं झालं. तुझा फोटो तर तो नुसता बघत बसायचा. म्हटलं, दे रे तुझा मोबाइल.”

ज्याच्या मोबाइलवर ठसा घेतला त्याच्याच नावावर तो पडायचा. तेवढीच काय ती ओळख.

“तुम्ही मला फसवलंत, ताई.”

“फसवलं काय! एवढा मोठा शब्द नको वापरूस हं. आपल्या आज्यांना पाहायला यायचे तेव्हा पोहे कोण करायचं? मुलगी? काकू करायची, मामी करायची आणि ट्रे मुलीच्या हातात. खाल्ल्यावर कोणी विचारलं का, पोहे कोणी केले म्हणून? विचारायचं नसतं गं ते. भावाबहिणीचं रक्त एकच आहे. तुला कमी काय आहे सांग. पितो? मारतो? पगार चोरतो?”

“नाही.”

“मग झालं तर. कुहूला ताप नाही ना आता?”

शाल्मलीने ताप नसल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. एका बाईचं बाळ किरकिरलं, तिला पान्हा फुटला, आणि असं जे सहज झालं त्याच्यावर आपण आयुष्य लावलं. त्या मुंग्यांना ‘हळवेपण’ असं नाव आपण दिलं. आणि हे लोक माजघरात बसून हसले असतील.

रविवारी जेवण झाल्यावर निनाद ट्रकचा सिनेमा लावून बसला. हे ठरलेलं होतं. चार मित्र, लग्नाच्या बँडचं सामान भरलेला ट्रक, ड्रायव्हर चहा प्यायला उतरतो आणि ट्रक आपला आपण घाट उतरायला लागतो. दर वळणाला मागचा ढोल आपोआप वाजतो. निनादकडे या सिनेमाचा स्वतःचा ठसा होता, खरोखरचा स्वतःचा, हॉस्टेलच्या पहिल्या वर्षाचा. तो लावून तो दर रविवारी बघायचा आणि ढोल वाजायच्या आधीच हसायचा.

“अश्लेषाताईंशी बोलले मी,” शाल्मली म्हणाली. “त्या ठशाबद्दल.”

त्याने सिनेमा थांबवला नाही, फक्त आवाज कमी केला. “हां. ताईचा मेसेज आला होता.”

“एवढंच?”

“मी काय बोलू? मला नाही गं समजत ते सिनेमे. मला तू आवडली होतीस. ताई म्हणाली, मी करते, मी म्हटलं कर.”

“आणि नंतर सांगावंसं नाही वाटलं?”

“तू किती वेळा म्हणायचीस, तुझा तो ठसा, तुझा तो ठसा. इतकी खूश होतीस. कशाला सांगायचं?” तो खरोखर गोंधळलेला दिसत होता. “चाललंय ना आपलं? शाल्मली, ती रडतेय बघ.”

शाल्मली उठली. कुहूला मांडीवर घेतलं तेव्हा तिचं ठरलं होतं.

आठवण कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते, हे ती पोरांना दर वर्षी शिकवायची. मेंदूत आठवण रचणाऱ्या जोडण्या आपण आठवण काढली की सैल होतात. काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ असते आणि मग पुन्हा घट्ट होते. या मधल्या वेळात तिला जो हात लागेल त्याचा वळ तिच्यावर कायमचा उमटतो. भ्यालेल्या माणसांवर उपचार करताना डॉक्टर हेच वापरत. जी आठवण वारंवार निघते तिला वारंवार हात लावता येतो, आणि आवडत्या सिनेमाइतकी वारंवार निघणारी आठवण कोणती? पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत चुकवायची.

निनादची एकच आठवण दर रविवारी मऊ व्हायची. ती ढोलाची.

त्याला रडवावं असं तिच्या मनात नव्हतं. तो सिनेमा त्याच्यासाठी घाण करून टाकावा, हेही आधी आलं होतं डोक्यात, पण ते तिला पोरकट वाटलं. तिला हवं होतं ते साधं होतं. जे दाखवून यांनी मला आणलं ते मी याच्यात घालीन. यांनी मला न विचारता माझ्या अंगात शिरून होकार काढून घेतला. आता माझी पाळी.

निनादचा जुना मोबाइल कपाटात पडून होता, अजून त्याच्याच नावाने चालू. तिने पट्टी त्याला जोडली. दुपारी कुहू उठायच्या बेताला असताना तिला आतल्या खोलीत ठेवलं, दार उघडं ठेवलं आणि ट्रकचा सिनेमा लावला. अंदाज बरोबर निघाला. ट्रक घाटाला लागतो न लागतो तोच कुहूने पहिला सूर लावला.

पहिल्या दुपारी शाल्मलीला बसवलं नाही. दुसऱ्या ढोलालाच ती धावली. ठसा वाया गेला. दुसऱ्या दुपारीही तेच. तिसऱ्या वेळी तिने सोफ्याची कड दोन्ही हातांनी पकडली. पडद्यावर बँडवाला गणवेश सावरत ट्रकमागे पळत होता. आतून कुहू रडत होती, आधी रागाने, मग विनवणीने. दोरी ओढली गेली आणि कुर्ता भिजला. भिजून पोटावर ओघळ आला. शाल्मली हलली नाही. घाट संपेपर्यंत तिला बसायचंच होतं. पोटातला गोळा, घशात अडकलेला श्वास, कुहूला उचलायला आसुसलेले दोन्ही दंड, सगळं पट्टी शांतपणे टिपत होती.

घाट संपला तेव्हा आत आवाज नव्हता. ती पळत गेली. कुहू जागी होती, हुंदके देत छताकडे बघत होती. आईकडे तिने वळून पाहिलं नाही. शाल्मलीने तिला उराशी धरलं आणि बराच वेळ म्हणत राहिली, “झालं गं, झालं. आता नाही.”

पण एका ठशावर भागणार नव्हतं. ठसा स्वच्छ यायला आणखी काही दुपारी गेल्या. शेवटी जो जमला तो तिने निनादच्या हॉस्टेलच्या ठशाच्या जागी ठेवला, त्याच नावाने. जुना पुसून टाकला. पुसताना मोबाइलने विचारलं, नक्की पुसायचं का? तिने अंगठा दाबला.

पुढच्या रविवारी निनाद ढोलाआधी हसायला गेला आणि मध्येच थांबला. छातीवरून हात फिरवला.

“आमटी तिखट होती का गं?”

“नेहमीचीच होती.”

त्याने लिंबूसरबत मागितलं. तिने साखर बेताची घालून करून दिलं.

नंतरच्या रविवारी ट्रक घाटाला लागला आणि तो उभाच राहिला. “कुहू रडतेय?”

“झोपलीय.”

“नक्की?” तो आत गेला. दारातून शाल्मलीने पाहिलं, तो पाळण्यावर वाकला होता आणि लेकीच्या नाकाखाली त्याने बोट धरलं होतं. हे त्याने कधी पाहिलं असेल, कोण जाणे. शाल्मलीच्या अंगावर काटा आला, आणि त्यात निम्मा आनंद होता.

मग ते रविवारच्या बाहेर पडलं. कुहूने नुसता आवाज काढला तरी तो अंघोळीतून अर्ध्या साबणाने बाहेर यायचा. शीतगृहाचा गजर झाला की आधी घरी फोन करायचा, “ती बरी आहे ना?” त्याचं तोंड ओढल्यासारखं दिसायला लागलं. एकदा जेवताना कुहू कुरकुरली. शाल्मली उठायच्या आत तो खरकट्या हाताने उठला, हात धुऊन कुहूला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागला. त्याचं ताट निवत होतं. शाल्मलीने तव्यावरची पोळी वाढून घेतली. फुगलेली, वाफ येणारी. कुहू झाल्यापासून तिने गरम पोळी खाल्ली नव्हती. तुपाचा थेंब विरघळेपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत बसली आणि मग सावकाश, एकेक घास चावून खाल्ली.

“तुला रोज असं होतं?” त्याने विचारलं. “आतून कोणी ओढल्यासारखं?”

“रोज.”

“भयंकर आहे हे.”

“हो,” ती म्हणाली. “अजून एक पोळी घेते मी.”

ट्रकचा सिनेमा त्याने एका रविवारी लावला आणि घाटाआधीच बंद केला. पुढच्या रविवारी लावलाच नाही. हॉलमध्ये तो नुसता बसून राहिला, हातात रिमोट धरून. शाल्मलीला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. वाटलं नाही.

वाटलं ते वेगळंच. दिवाळीच्या आधी एका दुपारी कुहू रडली आणि शाल्मली दोरीची वाट बघत राहिली. ती आली, पण उशिरा, आणि ढिली. तेव्हा तिला स्वतःच्याच वर्गातला एक मुद्दा आठवला. मऊ झालेल्या आठवणीला हात बाहेरचाच लागावा लागतो असं नाही. रडणं ऐकायचं आणि उठायचं नाही, याचा सराव इतक्या दुपारी कोणी केला होता? तिने तो विचार झटकला. थकलोय आपण. चकल्या करायच्या राहिल्यात.

भाऊबीजेला अश्लेषाताई आल्या, सासूबाईंना घेऊन. हॉलमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. निनाद नवा कुर्ता घालून बसला. वेद आत मामाच्या टॅबलेटला चिकटला होता. अश्लेषाताईंनी भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवलं.

“वाळलास रे,” त्या म्हणाल्या. “बायको खायला घालत नाही वाटतं.”

“ती खाते,” निनाद म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते विनोदी वाटलं नाही.

ताम्हण हातात घेऊन ताईंनी ओवाळायला सुरुवात केली. पहिला फेरा. आतल्या खोलीत कुहूला जाग आली आणि तिने हाक मारल्यासारखा सूर काढला.

निनाद उठला. पाटावरून, ओवाळणी अर्धवट सोडून.

“अरे!” सासूबाई ओरडल्या. “पाटावरून उठतोस काय! बस खाली. शाल्मली जाईल की.”

तो थांबला नाही. त्याचा कुर्ता ताम्हणाला लागला, सुपारी घरंगळून सोफ्याखाली गेली. निरांजन विझलं. अश्लेषाताई तशाच उभ्या राहिल्या, हवेत हात धरून. वर्षभर वाट बघून आलेली बहीण आणि समोर मोकळा पाट.

शाल्मली स्वयंपाकघरात गेली. ताई तिच्या मागोमाग आल्या.

“काय केलंस तू त्याला?”

“मी?”

“माझा भाऊ आहे तो, मला कळत नाही? मघाशी त्याचा हात छातीवर गेला.” त्यांचा आवाज खाली आला. “वेद लहान असताना माझा जायचा तसा. मी ओळखते ते. कुठून आलं त्याच्यात? शाल्मली, कुठून आलं?”

शाल्मली बासुंदी वाट्यांत वाढत होती. एकही थेंब सांडला नाही.

“पोहे कोणी केले, हे विचारायचं नसतं ताई,” ती म्हणाली. “चांगले झालेत ना? मग खायचे.”

अश्लेषाताईंचे डोळे भरले. एक वाटी उचलून त्या बाहेर गेल्या.

शाल्मलीने ओट्याला टेकून एक मोठा श्वास घेतला. ह्या क्षणासाठी ती श्रावणापासून थांबली होती. मनासारखा होता तो, अगदी हवा तसा. तिने तो जिभेवर घोळवला.

वळली तर दारात निनाद. कपाळावर ओलं कुंकू, कडेवर कुहू. त्याने सगळं ऐकलं होतं.

“ट्रकचा ठसा तू बदललास,” तो म्हणाला. रागाने नाही. हरवलेली वस्तू कुठे पडली ते कळल्यासारखा.

“हो.”

“माझा जुना?”

“पुसला.”

कुहू त्याच्या गळ्यातली साखळी तोंडात घालत होती.

“मी एकोणीस वर्षांचा होतो त्यात,” तो म्हणाला. “आम्ही सगळे एका गादीवर बसून बघितला होता. तसा मी नंतर कधी हसलो नाही. म्हणून बघायचो मी तो.”

“मी सव्वीसची होते,” शाल्मली म्हणाली. “त्या दिव्याच्या काचेपाशी. मीसुद्धा म्हणूनच बघायचे.”

त्याला समजलं. ते त्याच्या चेहऱ्यावर पोचलेलं तिने स्वच्छ पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने बोललेलं काहीतरी त्याच्या आत पोचलं होतं, आणि ते पोचवण्यासाठी तिनेच आत वाट पाडली होती.

बाहेरून सासूबाईंची हाक आली, “निरांजन पुन्हा लावलंय रे! या आता!”

“जा तू,” शाल्मली म्हणाली. “बस पाटावर. दे तिला इकडे.”

तिने हात पुढे केले. कुहूने आईकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा बापाच्या मानेत तोंड खुपसलं. निनादने तिला द्यायला हात सैल केले खरे. पण लेकीचा भार सुटायला लागला तसं त्याच्या छातीत काहीतरी ओढलं गेलं असावं. त्याने दचकून तिला परत जवळ ओढलं. शाल्मलीला ती ओढ ओळखू आली. त्या दोरीचा धागा न् धागा तिचा होता.

“नको,” तो एक पाऊल मागे सरकून म्हणाला. “माझ्याकडेच राहू दे. तू मघाशी उठली नाहीस.”

तो कुहूला मांडीवर घेऊन पाटावर बसला. अश्लेषाताईंनी दोघांना एकदम ओवाळलं. स्वयंपाकघरातून शाल्मलीला ते दिसत होतं. तिचे हात अजून पुढेच होते.